सेवादौऱ्याच्या चौथ्या दिवशी मन खचतं, तेव्हा आशा कुठून आणायची?

अबोली_नगर (धागाकर्ती)

सलाम सर्वांना.

आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) तरुण संघातून बारा जण फेब्रुवारीत नऊ दिवसांसाठी नंदुरबार जिल्ह्यात, नवापूर आणि अक्कलकुव्याच्या बाजूला जाणार आहेत. तिथल्या मंडळीनेच बोलावलंय. प्रार्थनाघराच्या भिंतींची डागडुजी, मुलांचे वर्ग, दोन दिवस डॉक्टरांच्या शिबिरात हाताखालचं काम आणि संध्याकाळी घरभेटी असं ठरलंय. सात मुली, पाच मुलगे, वयं १९ ते ३४.

प्रवास, मुक्काम, खर्च यांची माहिती जमवली आहे. विचारायचंय ते वेगळंच. दुखणी, कर्ज, लेकरू गेलेलं घर हे सगळं पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिलं की चौथ्या-पाचव्या दिवशी गट आतून खचतो, असं जाणकार सांगतात. कोणी गप्प होतं, कोणी चिडतं, कोणी "देव इथे कुठे आहे?" असं विचारतं, आणि बाकीचे घाईघाईने बायबलमधली वचनं ऐकवायला लागतात. त्या वेळी नेमकं काय करावं? वेळापत्रकात काय असावं, काय नसावं? साक्षी, म्हणजे विश्वासाचे अनुभव, आम्ही मंडळीत ऐकतोच. इथे कृपया करून पाहता येईल असं लिहा.

शांतवन

सलाम. आधी बायबलमधल्या १ राजे या पुस्तकाचा १९ वा अध्याय काढून ठेवा. त्यात एक क्रम आहे आणि बहुतेक गट नेमका तोच उलटा करतात.

कर्मेल डोंगरावर एवढं मोठं काम झाल्यावर ईजबेल राणीच्या एका धमकीने एलीया संदेष्टा रानात पळतो आणि रतामाच्या झुडपाखाली मरण मागतो. देव त्याला उपदेश करत नाही. आधी झोप, मग निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी, पुन्हा झोप, पुन्हा भाकर. मग चाळीस दिवसांची चाल. होरेब डोंगराला पोचल्यावर "तू इथे काय करतोस?" हा प्रश्न. एलीया तक्रार करतो, तीच तक्रार शब्दाला शब्द पुन्हा करतो, आणि दोन्ही वेळा ती ऐकून घेतली जाते. त्यानंतर काम मिळतं, आणि सोबतीला अलीशा. आधी पोटोबा असं आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. आपण मात्र झोप, जेवण, तक्रार सगळं वगळून थेट डोंगरावरच्या दर्शनाची अपेक्षा धरतो.

चौथाच दिवस का, तेही बघा. पहिले तीन दिवस उत्साह ओढून नेतो. तोवर रोज दीड-दोन तास झोप कमी पडलेली असते, पाणी बदललेलं असतं, एकटं बसायला जागा मिळालेली नसते, आणि पाहिलेलं दुःख बोलून टाकलेलं नसतं. हे चारही एकदम वर येतात. त्याला विश्वासाची कमतरता म्हणणं चुकीचं आहे, आणि तसं म्हटल्याने माणूस आणखी आत जातो.

वेळापत्रक असं धरा. पावणेसहाला उठणं. सव्वासहा ते सहा पस्तीस एकांत, त्या वीस मिनिटांत कोणी कोणाशी बोलायचं नाही. मग बायबलमधलं एक स्तोत्र मोठ्याने दोनदा वाचायचं, त्यावर भाष्य करायचं नाही. सातला नाश्ता. आठ ते बारा काम. जेवणानंतर एक ते तीन सक्तीची विश्रांती. झोप लागो न लागो, आडवं व्हायचं. तीन ते साडेपाच काम, नंतर घरभेटी. सातला जेवण, पावणेआठला संध्याकाळची फेरी, साडेनऊला दिवे बंद. पाचव्या दिवशी दुपारनंतर काहीही ठेवू नका. भिंत अर्धी राहिली तर राहू द्या.

संध्याकाळच्या फेरीबद्दल जरा सविस्तर, कारण सगळ्यात जास्त बिघाड तिथेच होतो. बारा जणांचं एकच वर्तुळ करू नका. सहा-सहाचे दोन गट करा. प्रत्येकाला तीन मिनिटं, म्हणजे अठरा. पाच मिनिटं शांतता, एक भजन, अर्ध्या तासात सगळं संपतं. प्रश्न दोनच: आज काय जड गेलं? आज इथल्या कोणी आपल्याला काय दिलं? दुसरा प्रश्न महत्त्वाचा आहे. "मी काय दिलं" हा हिशोब मांडू लागलं की चौथ्या दिवशी उत्तर शून्य येतं आणि माणूस मोडतो. एकजण बोलत असताना दुसऱ्याने वचन, सल्ला, "माझंही तसंच झालं" यातलं काहीही बोलायचं नाही. न बोलण्याची मुभा रोज, सगळ्यांना.

रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या ५ व्या अध्यायात पौल संकट, धीर, शील, आशा अशी साखळी देतो. आशा तिथे चौथ्या जागी आहे. पहिल्या संध्याकाळी ती मागू नका.

डॉ_कडुनिंब

वर लिहिलेल्या शरीराच्या भागात भर घालतो. अर्ध्या वेळा "आत्मिक कोरडेपणा" म्हणून ज्याच्यासाठी प्रार्थना चालू असते, त्याच्या अंगात पाणी कमी पडलेलं असतं.

फेब्रुवारीत त्या भागात दिवसा ऊन लागतं आणि रात्री, विशेषतः सातपुड्याच्या अंगाला, चांगली थंडी पडते. माणशी रोज चार लिटर पिण्याचं पाणी धरा. बारा जणांना ४८ लिटर लागेल, म्हणजे २० लिटरचे अडीच जार. खात्रीचं नसेल तर खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट तसंच ठेवून गार करा. क्षारसंजीवनीची (ओआरएस) चाळीस पाकिटं न्या. एक पाकीट एक लिटर पाण्यात, अर्धं पाकीट अर्ध्या लिटरमध्ये असं अंदाजाने करू नका. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात पाच मिलीच्या चमच्याने सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त पडलं तर उलट अपाय होतो, म्हणून चाखून बघा. अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये.

प्रत्येकाला मच्छरदाणी. ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासा, "थकव्याचा असेल" असं म्हणू नका. परतल्यावर महिनाभरात ताप आला तरी डॉक्टरांना कुठे जाऊन आलात ते आधी सांगा. हिवतापाचं निदान या एका वाक्यामुळे लवकर होतं.

मधुमेह, रक्तदाब, मिरगी, मानसिक आजाराच्या गोळ्या चालू असलेल्यांनी दौऱ्यात उपवास करू नये आणि गोळी एक दिवसही चुकवू नये. निघण्याआधी गटप्रमुखाने प्रत्येकाकडून एका चिठ्ठीवर गोळ्यांची नावं आणि वेळा लिहून घ्याव्यात, पाकीट बंद ठेवावं, गरज पडली तरच उघडावं.

आता सगळ्यात गंभीर गोष्ट. त्या जिल्ह्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बऱ्याच घरांत आहे, क्षयाचे रुग्णही भेटतील. घरभेटीत प्रार्थना झाली आणि "प्रभूने बरं केलंय" असं तुमच्यातल्या एकाने उत्साहाने म्हटलं की घरचे गोळ्या बंद करू शकतात. क्षयाचं औषध अर्धवट सुटलं तर रोग औषधाला दाद देईनासा होतो. सिकलसेलच्या मुलाला ताप, छातीत दुखणं किंवा हातपायांत ठणका लागला तर तासही दवडू नये. म्हणून प्रार्थना संपताना प्रत्येक वेळी एक वाक्य बोलायचं: "गोळ्या चालू ठेवा, डॉक्टरांच्या तारखेला जा." दुभाष्याला हे वाक्य आधी पाठ करायला द्या. बरं करण्याचा दावा करून उपचार थांबवणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याचाही विषय होऊ शकतो. पण कायदा बाजूला ठेवा, एखाद्याचं लेकरू आपल्या शब्दामुळे दगावू नये एवढं पुरे.

शिबिरात नोंदणीकृत डॉक्टरच्या हाताखेरीज कोणाच्याही हातून गोळी जाऊ नये, साधी तापाचीही. आणि शिबिराच्या मांडवात प्रार्थना, पत्रकं काही नको. आजारी माणसाला "औषध हवं तर हे ऐकावं लागेल" असं क्षणभरही वाटलं तर ते त्याच्यावर अन्याय करणारं आहे.

जागरण

डॉक्टरसाहेबांचं बरोबर आहे, पण एक बाजू सुटते आहे. सेवादौरा म्हणजे नुसती सहल किंवा श्रमदान नाही. गट खचतो तेव्हा उपवास आणि रात्रभराची प्रार्थना यांनीच तो उभा राहतो, असं मंडळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलंय. साडेनऊला दिवे बंद केले तर जागृत राहून प्रार्थना करा या आज्ञेचं काय? चौथ्या रात्री किमान साखळी प्रार्थना, म्हणजे पाळीपाळीने अखंड चालणारी, ठेवाच.

शांतवन

जागरणभाऊ, साखळी ठेवायलाच हवी. फक्त ती गावात जागून चालवायला नको, घरच्या मंडळीने चालवावी. नऊ दिवसांचे तास २१६ होतात. चौपन्न जणांनी प्रत्येकी चार तास घेतले की साखळी पूर्ण. निघायच्या आधीच्या रविवारी उपासनेनंतर दाराशी तक्ता लावा, लोक स्वतः नावं लिहितील. आजीआजोबांना पहाटेचे तास आवडतात, ते आधी भरतात. गटप्रमुखाने रोज रात्री एकच निरोप पाठवायचा, तीन ओळींचा: आज काय झालं, उद्या काय आहे, कशासाठी प्रार्थना. गावातल्या कोणाचं नाव, आजार, घरातली भानगड त्यात लिहायची नाही.

याचा परिणाम दोन्हीकडे होतो. आपण झोपलो असताना कोणीतरी आपल्यासाठी जागं आहे हे कळल्यावर दमलेल्या माणसाला झोप येते.

येशू अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत प्रार्थना करत होता, तेव्हाही शिष्य झोपलेच होते. "आत्मा उत्सुक आहे, पण देह अशक्त आहे" हे त्यांच्याबद्दलच म्हटलंय, आणि त्यात दोषापेक्षा कणव जास्त आहे असं मला वाटतं.

जागरण

घरच्या मंडळीने साखळी धरायची, हे पटलं. तक्त्यात रात्री १२ ते ४ चे तास दोघादोघांना द्या. एकटा माणूस पेंगतो आणि साखळी तिथेच तुटते.

रंगावली

नवापूरच्या बाजूने लिहिते आहे.

पहिली गोष्ट, फेब्रुवारीत कोण भेटेल हे समजून या. दिवाळीनंतर अनेक घरं ऊसतोडीला गुजरातेत आणि दक्षिणेकडच्या कारखान्यांकडे गेलेली असतात, ती होळीच्या सुमाराला परततात. तेव्हा गावात म्हातारी माणसं आणि त्यांच्याकडे ठेवलेली लेकरं जास्त दिसतील. पाहुण्यांना ते ओसाड वाटतं आणि पहिला धक्का तिथेच बसतो. "आईबाप लेकरांना टाकून गेले" असं मनात येईल. ते टाकून गेलेले नाहीत, उचल घेतलीय ती फेडायला गेलेत. हे आधी माहीत असेल तर दया कमी आणि आदर जास्त वाटेल.

भाषा. नवापूरकडे मावची, अक्कलकुव्याकडे वसावी, धडगावकडे पावरी. सगळ्यांना मराठी येते असं धरू नका, म्हाताऱ्यांना तर नकोच. स्थानिक पाळकांना (मंडळीच्या धर्मगुरूंना) विचारून त्यांच्या भाषेतली दोन गीतं निघण्याआधी पाठ करा, फोनवर ध्वनिमुद्रण मागवता येतं. तुमचं मराठी भजन त्यांनी ऐकणं आणि त्यांचं गीत तुम्ही चुकतमाकत म्हणणं यात फार फरक आहे.

घरभेट. एका चमूत तिघेच, त्यातला एक स्थानिक, आणि घरात बाई एकटी असेल तर चमूत बाई हवीच. एका संध्याकाळी तीन घरांपेक्षा जास्त नको. वीस मिनिटं. खाट दिली तर खाटेवर, जमिनीवर बसले असतील तर जमिनीवर बसा. पाणी, चहा, भाकर जे येईल ते घ्या. पोटाची भीती असेल तर चहा घ्या, तो उकळलेला असतो. "प्रार्थना करू का?" असं विचारून, हो म्हटलं तरच, दोन मिनिटांची करा. नाही म्हटलं तर नमस्कार करून बसून राहा, लगेच उठू नका.

लेकरू किंवा तरणं माणूस गेलेल्या घरी जायचं असेल तर पहिली दहा मिनिटं काहीच बोलू नका. बायबलमधल्या ईयोबाचे तिघे मित्र सात दिवस आणि सात रात्री मुकाट बसले तोवर चांगले होते. बोलायला लागले आणि बिघडलं. "देवाची इच्छा", "चांगली माणसं देव लवकर नेतो", "तुम्हाला अजून दोन लेकरं आहेत ना" ही तीन वाक्यं गटाला आधीच बंद करून टाका. गेलेल्याचं नाव विचारा आणि प्रार्थनेत ते नाव घ्या. फोटो नाही. हातात पैसे नाहीत; द्यायचं असेल तर मंडळीच्या पंचांकडे द्या, पावती घ्या.

कपडे वाटू नका. जुने तर अजिबात नको. वाटप सुरू झालं की ओळ लागते, ओळ लागली की भांडण लागतं, आणि तुम्ही गेल्यावर ते भांडण इथे राहतं. शिवाय वाटपाला धर्मांतराचं आमिष म्हटलं जाऊ शकतं आणि त्याचा त्रास इथल्या पाळकांना भोगावा लागतो. गुजरातमध्ये २००३ चा आणि मध्य प्रदेशात २०२१ चा धर्मस्वातंत्र्याचा कायदा लागू आहे. आमच्याकडे सीमा इतकी जवळ आहे की नवापूर स्थानकाचा फलाट अर्धा महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. पलीकडच्या पाड्यावर "जरा जाऊन येऊ" असं परस्पर ठरवू नका. ग्रामपंचायत आणि पोलीस पाटलांना येण्याच्या तारखा आणि माणसांची संख्या आधी लेखी कळवा.

आणि आशेबद्दल. पाहुणे इथे आशा घेऊन येतात असं पत्रकात लिहिलेलं असतं. खरं तर ती इथल्या प्रार्थनाघरात आधीच बसलेली असते, रविवारी सकाळी, पत्र्याखाली. पहिल्या रविवारी तुमच्याकडून संदेश, नाटुकलं, गीत काही ठेवू नका. फक्त मागे बसा. म्हातारी बाई ऊसाला गेलेल्या मुलाचं नाव घेऊन कशी प्रार्थना करते ते ऐका. शेवटच्या रविवारी तुमच्यासाठी प्रार्थना करायला त्यांना सांगा आणि त्यांचे हात डोक्यावर घ्या.

निशिगंध

रंगावलीताई, फार उपयोगी. एक शंका. गटातला एखादा मधेच म्हणाला की "माझा विश्वास उरला नाही, मला प्रार्थनेत बसायचं नाही", तर त्याला परत पाठवायचं का? बाकीच्यांवर परिणाम होतो म्हणून काही गटप्रमुख तसं करतात.

शांतवन

नाही. परत पाठवलं की तो आयुष्यभर "मला काढलं" हेच लक्षात ठेवेल. त्याला हाताचं काम द्या: माती कालवणं, विटा देणं, भांडी, लाकडं. तोंडाचं काम काढून घ्या: वर्ग घेणं, प्रार्थना म्हणणं. फेरीत बसायचं असेल तर बसावं, बोलायची सक्ती नको. त्याच्या नावाने सगळ्यांसमोर प्रार्थना करू नका, त्याने तो उघडा पडतो. त्याच्याच वयाचा, मुलीला मुलगी, असा एकजण रोज अर्धा तास बरोबर चालायला द्या. चालताना विषय त्याने काढला तरच काढायचा.

स्तोत्र ८८ त्याला वाचायला द्या. तक्रारीची इतर स्तोत्रं शेवटी भरवशाकडे वळतात, ते वळत नाही, अंधारावरच संपतं. तरीही ते पवित्र शास्त्रात आहे आणि देवालाच उद्देशून आहे. विश्वास संपला असं वाटणाऱ्या माणसाला त्याचीही जागा पुस्तकात आहे हे कळणं पुष्कळ असतं.

वेगळी सीमा मात्र ओळखा. दोन रात्री झोप नाही, जेवण टाकलंय, मरणाचं बोलणं, वस्तू वाटून टाकणं, किंवा उलट अतिउत्साह आणि "देव फक्त माझ्याशी बोलतो" असं काही असेल तर तो आत्मिक प्रश्न समजून वेळ घालवू नका. एकटं सोडायचं नाही, घरी फोन, डॉक्टर. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. जीवाचा धोका वाटला तर १०८.

ओवीकर

विलापाचा विषय निघालाच आहे तर तो दौऱ्यात कसा वापरायचा ते लिहितो. मराठी मंडळ्यांत स्तुतीची भजनं भरपूर, विलाप मात्र अंत्यविधीपुरता उरलाय. स्तोत्रसंहितेतली जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याची गीतं तक्रारीची आहेत, हे पाठ म्हणणाऱ्यांनाही सांगितल्यावर आश्चर्य वाटतं.

बायबलमधल्या विलापगीत या पुस्तकाची बांधणी बघा. पाच अध्याय. पहिले चार हिब्रू वर्णमालेच्या बावीस अक्षरांवर रचलेले, तिसऱ्यात प्रत्येक अक्षराच्या तीन-तीन ओव्या म्हणून ६६ वचनं. यरुशलेम शहर जळालंय, लेकरं भुकेने मेली आहेत, आणि कवी अक्षरांच्या क्रमाने रडतो. अपार दुःखाला त्याने एक काठ दिला. त्या तिसऱ्या अध्यायात वीस वचनं निव्वळ तक्रार आहे. एकविसाव्याला आशा हा शब्द येतो आणि मग देवाची दया रोज सकाळी नवी होते हे प्रसिद्ध वचन. आपण बाविसावं-तेविसावं वचन तसबिरीत लावतो आणि आधीची वीस वगळतो, म्हणून ते पोकळ वाटतं. पुढे त्याच अध्यायात डोळ्यांचे पाट पुन्हा वाहतात, आणि पाचव्यात तर अक्षरांची चौकटही सुटते. आशा तिथे एकदा येऊन कायमची राहत नाही. दौऱ्यात चौथ्या दिवशी सावरलेला मुलगा सहाव्या दिवशी पुन्हा रडला तर घाबरू नका.

प्रत्यक्ष करायला स्तोत्र १३ सोपं, सहाच वचनं आहेत. पहिल्या दोनांत "कुठवर?" हा प्रश्न, पुढच्या दोनांत मागणं, शेवटच्या दोनांत भरवसा. चौथ्या संध्याकाळी फेरीऐवजी हे ठेवा. चाळीस मिनिटं लागतात. दहा मिनिटं शांतता. स्तोत्र दोनदा, दोन वेगळ्या आवाजांत. मग प्रत्येकाने वहीत चार वाक्यं लिहायची: देवाला हाक, आज पाहिलेली एक नेमकी गोष्ट, एक नेमकं मागणं, आणि चौथं वाक्य भरवशाचं. भरवसा येत नसेल तर चौथी ओळ कोरी ठेवायची. हा नियम आधी सांगा, कारण नाहीतर मुलं पाठ केलेलं वाक्य लिहून मोकळी होतात आणि सगळा खटाटोप वाया जातो. लिहायला पंधरा मिनिटं. ज्यांना वाचायचंय त्यांनी वाचायचं, वाचल्यावर बाकीच्यांनी एवढंच म्हणायचं: "प्रभो, ऐक." शेवटी 'उपासना संगीत' या भजनसंग्रहातलं एक संथ भजन, पेटीशिवाय, टाळ्यांशिवाय.

"एक नेमकी गोष्ट" यावर जोर द्या. "जगातली गरिबी दूर कर" असं लिहून रडूही येत नाही आणि बरंही वाटत नाही. "रोशनच्या आजीच्या चुलीत आज सरपण नव्हतं" असं लिहिलं की मागणंही नेमकं होतं, आणि उद्या सकाळी सरपण आणता येतं. वाचताना मात्र गावातलं नाव बदलायचं.

बिघडतं कुठे? एखादा वाचणाऱ्याच्या मधेच "पण देव भला आहे" म्हणतो. म्हणून आधी बजावा. गटप्रमुख स्वतः इतका कोलमडतो की मुलं त्यालाच सांभाळत बसतात. म्हणून त्याने आपलं आधीच दुसऱ्या मोठ्या माणसाजवळ मोकळं करावं. आणि कोणीतरी फोन काढून चित्रण करतो, फोन टोपलीत.

तयारीच्या बैठकीसाठी दोन आयुष्यं सुचवतो, दोन्ही आपल्याच मातीत घडलेली. अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईत आला. १८२६ च्या मार्चमध्ये नाशिक-त्र्यंबककडे फेरीला गेला असताना पटकीने वाटेतच वारला. त्याच वर्षी त्याच्या मिशनचा मराठी नवा करार छापून झाला. तुमच्या नगरचं मिशनचं काम सुरू व्हायला अजून पाच वर्षं होती, १८३१. हे सांगताना "बघा कसा मेला" असा सूर नको. आपल्या कामाचं पुढे काय झालं हे न बघता तो गेला, एवढंच ठेवा.

दुसऱ्या पंडिता रमाबाई. आईवडील आणि बहीण दुष्काळाच्या दिवसांत गेली, भाऊ १८८० मध्ये, नवरा बिपिनबिहारी १८८२ मध्ये पटकीने, आणि एकुलती लेक मनोरमा १९२१ मध्ये. ५ एप्रिल १९२२ ला त्या स्वतः गेल्या, मूळ भाषांवरून केलेलं मराठी बायबलचं भाषांतर हातावेगळं करून. भूक म्हणजे काय हे ज्यांनी सोसलं होतं, त्यांनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या, आणि पुणे जिल्ह्यातल्या केडगावच्या मुक्ती या त्यांच्या आश्रमात आधी अन्न दिलं, मग अक्षरं, विणकाम, छपाई, शेती. वर शांतवन यांनी एलीयाचा क्रम सांगितलाय, तोच इथे दिसतो. नगरहून केडगाव एका दिवसात होतं. आधी कळवून, परवानगी घेऊन, निघण्यापूर्वीच्या शनिवारी जाऊन या.

सागरपार

न्यू जर्सीहून विचारते. इथल्या मराठी मंडळीतले दोघे, भारतीय मुळाचे, अमेरिकन नागरिक, ओसीआय (भारताचे परदेशस्थ नागरिक) कार्डधारक, या गटात सामील होऊ इच्छितात. त्यांना चालेल का?

रंगावली

नुसतं भेटायला, उपासनेला बसायला आले तर गोष्ट वेगळी. पण मार्च २०२१ च्या गृह मंत्रालयाच्या अधिसूचनेप्रमाणे ओसीआय कार्डधारकाला मिशनरी कामासाठी वेगळी परवानगी लागते. ती परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडून किंवा भारतीय दूतावासाकडून घ्यावी लागते. पर्यटक व्हिसावर तर असं काम मुळीच करू नये. परवानगी हातात नसेल तर त्यांनी न्यू जर्सीतून साखळी प्रार्थनेतले तास घ्यावेत. आपली रात्र तिकडे दिवस असतो, त्यामुळे रात्री १२ ते ४ चा जागरणभाऊंचा प्रश्नही सुटतो.

निशिगंध

परतल्यावरचं कोणी लिहिलं नाही. घरी आल्यावर पाणी नळाला येतं, पंखा आहे, आणि मुलांना त्याचीच लाज वाटते.

शांतवन

हो, ते राहिलं. दुसऱ्याच रविवारी साक्षीला उभं करू नका. कच्चं दुःख माईकवर गेलं की ते टाळ्यांसाठी वळायला लागतं. तिसऱ्या दिवशी गट नुसता जेवायला भेटवा. तिसऱ्या आठवड्यात वह्या घेऊन बसा. तिसऱ्या महिन्यात, ज्याला बोलायचंय त्याने मंडळीत बोलावं, आणि बोलण्याचा मजकूर आधी रंगावलीताईंकडच्या पाळकांना दाखवावा. ज्यांच्याबद्दल बोलतोय त्यांना ते खरं आणि मानाचं वाटतंय का, हे तेच सांगू शकतील.

गावात दिलेल्या शब्दांची एक वेगळी वही ठेवा. "पुस्तकं पाठवतो", "पुन्हा येतो" असे शब्द फक्त गटप्रमुखाने, लिहून, तारखेसह द्यायचे. पाहुण्यांच्या विसरलेल्या वचनांनी गावातल्या लेकरांची आशा फार स्वस्तात मोडते.

लाजेबद्दल: ती दाबू नका, पण पंखा बंद करून झोपायला लावू नका. दर महिन्याला ठराविक रक्कम, शंभर रुपये का असेनात, तिथल्या मंडळीने सांगितलेल्या कामाला वर्षभर पाठवणं हे जास्त टिकतं.

अबोली_नगर

सर्वांचे मनापासून आभार. पाचव्या दिवसाची दुपार मोकळी केली, कपड्यांचं वाटप काढून टाकलं, पहिल्या रविवारचं नाटुकलंही. २१६ तासांचा तक्ता येत्या रविवारी लावते. सागरपार, तुमच्या दोघांसाठी रात्रीचे तास राखून ठेवलेत. शेवटचं एक विचारते: चौथ्या संध्याकाळी लिहिलेल्या वह्यांचं पुढे काय करायचं? तिथल्या मंडळीला ते वाचून दाखवणं योग्य ठरेल का?

रंगावली

सगळं नको. बारापैकी ज्यांना मनापासून द्यायचंय अशा दोघांची पानं निवडा, गावातल्या माणसांची ओळख पटेल असं काही त्यात नको. सहाव्या दिवशीच पाळकांना द्या, म्हणजे मावचीत उतरवायला दोन दिवस मिळतील. शेवटच्या संध्याकाळी एक ओळ मराठीत तुम्ही, तीच ओळ मावचीत इथली एखादी बाई, असं वाचा. चौथी ओळ कोरी असेल तर तिथे थांबा, भरू नका. मंडळीतलं कोणी त्या जागी आपलं गीत सुरू करेल तर करू द्या, कितीही लांबलं तरी. त्या दिवशी परतीची गाडी रात्रीची ठेवू नका.